नवीन स्टाफ नर्सना पुराव्यावर आधारित काम शिकवायचं, पण वॉर्डात ते रुजवायचं कसं?

इनचार्ज_सिंधुदुर्ग

नमस्कार मंडळी. इथे नर्सिंगमधले बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारते.

सिंधुदुर्गातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी मेडिकल वॉर्डची इनचार्ज आहे. नाव विचारू नका, गाव लहान आहे आणि आमच्या बिलिंगमधले दादासुद्धा हे संकेतस्थळ वाचतात. दरवर्षी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडलं की नवी बॅच येते. यंदा तीन मुली आणि एक ब्रदर. तिघं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), एक बी.एस्सी. दोघं इथलीच, एक गडहिंग्लजची, एक बेळगावकडची. पोरं हुशार आहेत, हात बरा आहे, पेशंटशी नीट बोलतात. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच.

मॅनेजमेंटला दर्जाच्या प्रमाणपत्राचे वेध लागलेत. त्यामुळे नव्या स्टाफला 'एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस'चं ट्रेनिंग द्या असं फर्मान निघालं. बाहेरून एक ट्रेनर आले. दोन तास स्लाइड, सगळ्या इंग्रजीत, पुराव्यांचा एक मोठा पिरॅमिड, खाली बारीक अक्षरांत काहीतरी. नाइट उतरून आलेली पोरं पहिल्याच रांगेत डुलक्या घेत होती. मग सह्या, समोसे, ग्रुप फोटो. फाइलीत कागद लागला, विषय संपला.

आणि त्याच आठवड्यात हे झालं. वॉर्डात आचऱ्याकडची एक म्हातारी होती, न्यूमोनियाची. शिरा अशा की दिवसाउजेडी सापडत नाहीत. आमच्याकडे नियम आहे, तिसऱ्या दिवशी इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी (आम्ही तिला लाइन म्हणतो), बदलायची. नाइटला असलेल्या नव्या मुलीने नियमाप्रमाणे चालू लाइन काढली आणि नवीन काही मिळेना. टोच टोच टोचलं. म्हातारी म्हणाली, "गो बाय, ती सुई बरी चलत होती मा? मगे कित्याक काढलंस ती?"

सकाळी हँडओव्हरला त्या मुलीने सगळ्यांसमोर हाच प्रश्न विचारला. चांगली चालू होती, सूज नाही, लाली नाही, तर का काढायची? आमच्या एका जुन्या सिस्टर फटकन म्हणाल्या, "तीन दिवसांनी काढायची म्हणजे काढायची. कॉलेजात नाही शिकवलं?" चार जण हसले. तेव्हापासून ती मुलगी हँडओव्हरला तोंड उघडत नाही. 'हो सिस्टर', 'झालं सिस्टर', एवढंच.

ती जुनी सिस्टर वाईट नाही हो. अख्ख्या हॉस्पिटलात कुणाला शीर मिळाली नाही की तिलाच बोलावतात. पण मला राहून राहून वाटतं की ट्रेनिंगच्या दोन तासांत जे झालं नाही ते त्या एका प्रश्नात होणार होतं, आणि ते आम्ही तिथेच मिटवलं. तर हे नव्या मुलांना शिकवायचं कसं? कधी? वेळ कुठून काढायचा? इंग्रजी पेपर वाचायला सांगितले तर आधीच घाबरलेली पोरं आणखी घाबरतील. कुणी खरोखर केलं असेल तर सांगा. स्लाइड नकोत.

---

ट्यूटरबाई_रत्नागिरी

मी नर्सिंग स्कूलमधून ट्यूटर म्हणून निवृत्त झाले. तुमचा धागा वाचून दुपारची झोप गेली, म्हणून लांबलचक लिहिते आहे. कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिलं म्हणजे 'एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस' हा विषय म्हणून शिकवूच नका. तो विषय त्यांचा कॉलेजात झालाय. बी.एस्सी.वाल्या मुलीने तर शेवटच्या वर्षी रिसर्च प्रोजेक्टही केला असणार, प्रश्नावली वाटून, टक्केवारी काढून, काळ्या बाइंडिंगमध्ये. तिला संशोधन येत नाही असं नाही. संशोधनाचा आणि रात्री अडीच वाजता हातात असलेल्या सुईचा काही संबंध आहे, हे तिला कुणी दाखवलेलं नाही.

तुमच्या म्हातारीने प्रश्न अगदी तयार करून दिलाय. फक्त त्याची मांडणी करायची. कुठला पेशंट? हाताला लाइन असलेला प्रौढ. काय करायचं? गरज पडेल तेव्हाच बदलायची. कशाच्या ऐवजी? ठरावीक दिवशी बदलण्याच्या. बघायचं काय? शीर सुजते का, जंतुसंसर्ग होतो का. या चार खणांना पुस्तकात 'पिको' म्हणतात. नाव सांगितलं नाही तरी चालेल, चार खण भरायला शिकवा. खण भरले की शोधायला शब्द आपोआप मिळतात.

आता उत्तर. हे मी वर्गात अनेकदा घेतलंय, म्हणून आकडे पाठ आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तीन हॉस्पिटलांत ३,२८३ पेशंटवर चाचणी झाली, २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. काम करणाऱ्या प्रमुख बाई नर्सच होत्या, हे मुलांना आवर्जून सांगा. एका गटाची लाइन दर तिसऱ्या दिवशी बदलली, दुसऱ्याची गरज पडली तेव्हाच. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्के. पुढे २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते) अशा ९ चाचण्या आणि ७,४१२ पेशंट एकत्र पाहिले. शीर सुजण्यात आणि रक्तातल्या संसर्गात ठळक फरक दिसला नाही. गरजेप्रमाणे बदलली तर खर्च कमी. पण ठेवलेली लाइन बंद पडणं किंवा सलाइन बाजूच्या मांसात उतरणं थोडं जास्त, हेही त्याच आढाव्यात आहे. मुलांना दोन्ही बाजू वाचू द्या. सोयीची तेवढी उचलायची सवय लागली तर ते ट्रेनिंग फुकट.

तुमचा तिसऱ्या दिवसाचा नियम आला कुठून, तेही शोधायला लावा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०११ च्या सूचनांत प्रौढांसाठी वाक्य असं आहे की ७२ ते ९६ तासांपेक्षा लवकर बदलण्याची गरज नाही. लवकर बदलू नका, एवढंच ते सांगतं. आपल्याकडे त्याचं 'बदललीच पाहिजे' झालं. आणि त्याच कागदात लहान मुलांची लाइन गरज पडली तरच बदला असं स्वच्छ लिहिलंय. एकशे आठच्या गाडीत घाईघाईत, धड स्वच्छता न पाळता घातलेली लाइन मात्र लवकरात लवकर, ४८ तासांच्या आत बदला, असंही. हे तीन मुद्दे एका मुलीने मूळ कागदावर बोट ठेवून दाखवले की वॉर्डातली चर्चा बदलते.

पण इथे थांबलात तर अर्धंच काम झालं, आणि बहुतेक ट्रेनर इथेच थांबतात. गरज पडेल तेव्हा बदलायची, याचा अर्थ प्रत्येक ड्युटीत ती जागा कुणीतरी उघड्या डोळ्यांनी बघायची. तुमच्याकडे बघतात? जुलै महिन्यात, पंखा बंद, पेशंट घामाने चिंब, सकाळी लावलेली मायक्रोपोरची चिकटपट्टी दुपारच्या जेवणापर्यंत सुटलेली. तिथला पेपर इथे जसाच्या तसा लावायचा तर आधी हे बघायला हवं. डॉ. डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ मध्ये पुराव्यावर आधारित वैद्यकाची जी व्याख्या मांडली तिच्यात उत्तम पुरावा, काम करणाऱ्याचा अनुभव आणि पेशंटला काय हवंय, हे तिन्ही एकत्र धरले आहेत. तुमची म्हातारी तिसऱ्या भागात बसते. तुमची ती जुनी सिस्टर दुसऱ्या भागात. तिला बाहेर ठेवून हे होणार नाही.

म्हणून नियम लगेच बदलू नका. महिनाभर चौघांना फक्त नोंद ठेवू द्या. लाइन कधी घातली, कधी काढली, का काढली. सूज मोजायला व्हीआयपी स्कोअर आहे, शून्य ते पाच, ब्रिटनमधल्या अँड्र्यू जॅक्सन यांनी १९९८ मध्ये मांडलेला. एका पानावर मावतो. तो ट्रॉलीला चिकटवा.

---

नाइट_ड्युटी_कायमची

बाईंचं सगळं पटलं, पण जमिनीवर येऊ का? मी सरकारी रुग्णालयात आहे, जिल्हा सांगत नाही. रात्री आख्ख्या वॉर्डाला मी आणि एक मावशी. पावसाळ्यात तापाचे पेशंट खाली गाद्या टाकून. लेप्टो आहे का, डेंग्यू आहे का, प्लेटलेट किती, नातेवाईक विचारतात सलाइन संपलं, सलाइन संपलं. अशात मी कॉक्रेन उघडू?

दुसरं. समजा नवीन मुलीने शोधलं, वाचलं, आणि राउंडला सरांना म्हणाली की सर, पेपरमध्ये असं आहे. बहुतेक ठिकाणी काय उत्तर मिळतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मग ती पोरगी शिकते काय, तर वाचलेलं बोलायचं नाही.

माझं म्हणणं, पेपर सापडायच्या आधी डॉक्टरांशी इनचार्जने बोलून ठेवावं. मुलीला पुढे करू नये. आणि वेळ ड्युटीतला द्या. सुट्टीच्या दिवशी बोलावून 'जर्नल क्लब' घेणाऱ्यांना माझ्याकडून कोपरापासून नमस्कार.

---

इनचार्ज_सिंधुदुर्ग

नाइटताई, एक वाक्य खटकलं, 'मुलीला पुढे करू नये'. प्रश्न तिचा आहे, तर नावही तिचंच राहायला हवं ना? नाहीतर श्रेय इनचार्जचं आणि टोचणं तिचं, असं होईल. पण तिच्या मागे मी उभी असावं, हे मान्य. डॉक्टरांशी आधी बोलते.

ट्यूटरबाई, 'लवकर बदलू नका'चं 'बदललीच पाहिजे' झालं हे वाचून मी आमची एसओपीची (कामाच्या लेखी नियमांची) फाइल उघडली. कुठून घेतलंय याचा उल्लेखच नाही. खाली तीन सह्या मात्र आहेत.

---

चिपळूणची_नवी

मी अजून नवीनच म्हणायची, दुसरं वर्ष चालू आहे. तुमच्या त्या मुलीच्या जागेवरून लिहिते.

सुरुवातीचे महिने डोक्यात एकच असतं, आज आपल्या हातून कुणाला काही होऊ नये. औषधांची नावं, इन्फ्युजन पंप, कुठल्या सरांना किती वाजता फोन केलेला चालतो, कुठल्या सिस्टरच्या ट्रेला हात लावायचा नाही. त्या वेळी कुणी प्रोजेक्ट दिला असता तर मी रडले असते. तेव्हा मला इतकंच हवं होतं की 'का?' विचारलं तर कुणी हसू नये. खरं उत्तर 'मला माहीत नाही, बघू या' असं मिळालं असतं तरी पुष्कळ होतं.

माझ्या बाबतीत हे राइल्स ट्यूबवरून, म्हणजे नाकातून पोटात घालतात त्या नळीवरून, सुरू झालं. कॉलेजात शिकवलेलं, सिरिंजने हवा सोडायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, बुडबुड आवाज आला की ट्यूब जागेवर. इथेही सगळे तसंच करतात. एकदा फीड चालू करायच्या आधी मी आमच्या इनचार्जना विचारलं की ट्यूब फुप्फुसात असली तरी हवेचा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो ना? त्या म्हणाल्या, शोध आणि मला सांग. तेही ड्युटीतच, दुपारी वॉर्ड शांत असताना, त्यांच्या टेबलावर बसून.

मला सापडलं ते असं. ब्रिटनमध्ये २००५ मध्येच रुग्णसुरक्षा संस्थेने इशारा काढला होता की आवाजाच्या चाचणीवर विसंबू नका. ट्यूबमधून ओढलेल्या पाण्याचा पीएच ५.५ किंवा त्याखाली आला तर फीड द्या, नाहीतर एक्स-रे. मी एकदम जोशात. मग कळलं की आमच्या स्टोअरमध्ये पीएचच्या पट्ट्याच नाहीत. शिवाय अर्ध्या वॉर्डाला पॅन्टोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारं औषध) चालू, म्हणजे ट्यूब पोटात असूनही पीएच वर जाऊ शकतो. म्हणजे पट्टी मागवूनही काही पेशंटना एक्स-रे लागणारच.

इनचार्जनी पट्ट्यांची मागणी लिहायला मलाच बसवलं. त्या येईपर्यंत निदान एवढं ठरलं की नवीन ट्यूब घातली की पहिल्या फीडआधी एक्स-रे, आणि ट्यूबवर नाकाशी किती सेंटिमीटर आहे ते चार्टवर लिहायचं, प्रत्येक ड्युटीत बघायचं. मला वाटतं शिकले मी त्या मागणीच्या फॉर्मवरून जास्त. पेपर वाचला की काम झालं असं वाटत होतं, ते तिथून पुढे सुरू होतं.

इंग्रजीबद्दल. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. पूर्ण पेपर मी आजही वाचत नाही. पबमेड या वैद्यकीय पेपर शोधायच्या संकेतस्थळावर गोषवारा फुकट दिसतो, त्यातला शेवटचा निष्कर्ष आधी वाचते, मग मागे जाऊन किती पेशंट होते ते बघते. कॉक्रेनच्या प्रत्येक आढाव्याखाली साध्या भाषेतला सारांश असतो, तोही फुकट. तो आम्ही दोघी मैत्रिणी वाचतो आणि एकमेकींना मराठीत सांगतो. मराठीत सांगता आलं नाही तर समजलेलं नसतं, हे लगेच कळतं.

---

देवगड_टू_ह्यूस्टन

+१ चिपळूणच्या ताईंना.

मी देवगडची, अमेरिकेत नर्स आहे. इथे नवीन लायसन्सवाल्यांसाठी 'रेसिडेन्सी' असते. विद्यापीठांच्या हॉस्पिटलांचा गट आणि नर्सिंग कॉलेजांची संघटना यांनी मिळून २००२ मध्ये असा एक कार्यक्रम सुरू केला, आता तो बऱ्याच हॉस्पिटलांत आहे. २०१० मध्ये इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालानेही अशा रेसिडेन्सीची शिफारस केली. वर्षभर चालते. कामावर असतानाच, पगारी वेळेत, महिन्यातून एकदा सगळ्या नव्या नर्स एकत्र बसतात. वर्षाच्या शेवटी पुराव्यावर आधारित एक प्रोजेक्ट, दोघातिघांनी मिळून.

ऐकायला झकास वाटतं, पण उगाच भारावून जाऊ नका. प्रोजेक्टची पोस्टर होतात, कॉरिडॉरमध्ये लागतात, लोक फोटो काढतात, आणि त्यातली कितीतरी पुढच्या बॅचच्या पोस्टरखाली झाकली जातात. तुमच्या समोशांची आठवण झाली. टिकले कुठले? जिथे वॉर्डाच्या मॅनेजरला तो प्रश्न आधीपासून सतावत होता, ते. नव्या मुलीने हवेतून विषय काढला की तिची बदली झाली, विषय संपला.

मला स्वतःला उपयोग झाला तो त्या महिन्याच्या बैठकीचा. पहिला अर्धा तास कुणी शिकवायचं नाही, ज्याला जे बोलायचं ते बोलायचं. मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्येच नव्या नर्सच्या या अवस्थेला 'रिअ‍ॅलिटी शॉक' म्हटलं होतं, कॉलेजातलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग यांच्यामध्ये माणूस लोंबकळतो ती. तो शॉक उतरल्याशिवाय डोक्यात पुरावा-बिरावा शिरत नाही. पहिल्या तिमाहीत फक्त प्रश्न लिहून ठेवू द्या. सहा महिन्यांनी त्यातला एक निवडा. चौघांना मिळून एकच प्रश्न, चौघांना चार नकोत.

आणि चांगला प्रिसेप्टर. इथे प्रत्येक नव्या नर्सबरोबर एक जुनी नर्स नेमलेली असते. तुमच्याकडे ती शिरा शोधणारी सिस्टर आहेच की.

---

डॉ_सावित्रीकाठ

मी फिजिशियन, रायगड जिल्ह्यात प्रॅक्टिस. डॉक्टरमंडळींना वर जे टोमणे बसलेत ते बहुतेक योग्य आहेत, पुढे जाऊ.

या धाग्यावर ऑस्ट्रेलिया झाली, ब्रिटन झालं, अमेरिका झाली. नव्या मुलांना वाटायला नको की पुरावा म्हणजे बाहेरून आयात होणारा माल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम त्यांना सांगा. लाल विंचू चावून कोकणात माणसं, विशेषतः मुलं, हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन दगावत होती. बावस्कर दांपत्याने प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि ते १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. पुढे विंचवाची लस, म्हणजे विषावरचा उतारा (अँटीव्हेनम), उपलब्ध झाल्यावर त्यांनी थांबून विचारलं की नुसतं प्राझोसिन बरं, की दोन्ही मिळून? ७० पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागलेले. दोन्ही दिलेले सरासरी ८ तासांत बरे झाले, नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांना जवळपास १८ तास लागले. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. महाडात बसून. आणि स्वतःच्या गाजलेल्या उपचारालाच प्रश्न विचारून, हे मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं.

आता नर्सच्या दृष्टीने बघा. विंचवाच्या पेशंटमध्ये सुधारणा कशावरून कळते? हातपाय गरम झाले का, घाम थांबला का, नाडी, बीपी, श्वास. हे सगळं पेशंटच्या उशाशी उभं राहून बघायचं. रात्री दर तासाला हात लावून 'गार' की 'गरम' हे प्रामाणिकपणे लिहिलं गेलं नाही तर असा अभ्यास उभाच राहत नाही. तुमच्या मुलांची चार्टवरची नोंद हाही पुराव्याचा कच्चा माल आहे. 'कंडिशन सेम' हे तीन ड्युट्या लिहिणाऱ्यांना हे जरूर ऐकवा.

पहिल्या प्रश्नासाठी आणखी एक विषय सुचवतो, कारण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत भातलावणीच्या दिवसांत घोणस आणि फुरसं चावलेले पेशंट येणारच. रक्त गोठतंय का बघायला वीस मिनिटांची चाचणी करतात. दोन मिली ताजं रक्त, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरकं करायचं. प्रश्न असा की नळी काचेचीच का? प्लास्टिकची का नको? साबणाने धुतलेली का नको? रक्त गोठण्याची साखळी काचेच्या पृष्ठभागामुळे सुरू होते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाचा अंश राहिलेल्या काचेत चांगलं रक्तही वेळेत गोठत नाही, आणि मग गरज नसलेल्या माणसाला लस दिली जाते, तिची रिअ‍ॅक्शन वेगळी. मी एकदा नव्या ब्रदरला हे शोधायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्याने कॅज्युअल्टीच्या कपाटातल्या नळ्या स्वतः तपासल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

---

इनचार्ज_सिंधुदुर्ग

सगळ्यांचे आभार. मध्ये पाऊस, नेट आणि माझी सासू आजारी, त्यामुळे उशीर झाला. काय केलं ते सांगते.

आमच्या फिजिशियन सरांशी आधी बोलले. ते म्हणाले, नोंदी दाखवा, मग नियमाचं बघू, पण ज्यांना शीर सापडत नाही अशांची चालू लाइन माझ्या नावावर आजपासून ठेवा. लेखी घेतलं. नाइटताई, तुमचा सल्ला कामी आला.

चौघांना वर्ग नाही घेतला. दुपारच्या हँडओव्हरनंतर पाव तास, बुधवारी, माझ्या टेबलाशी. पुढची ड्युटी आलेली असते आणि आधीची गेलेली नसते, तेवढाच काय तो वॉर्डात माणसांचा सुकाळ. ट्यूटरबाईंचे चार खण पाठकोऱ्या कागदावर काढले. त्या गप्प झालेल्या मुलीला विचारलं, तुझा प्रश्न यात बसव. ती पहिल्यांदा 'राहू दे ना सिस्टर' म्हणाली. मग बसवला.

आणि जुन्या सिस्टरला मी म्हटलं की यांना लाइनची जागा बघायला तू शिकव, स्कोअरचा कागद त्यांच्याकडे आहे, डोळा तुझ्याकडे. ती कुरकुरली. पण राउंड घ्यायला लागली, आणि राउंडमध्ये तिनेच सांगितलं की ती शून्य-एकच्या मधलं बोटाने ओळखते, कागदावर लाली लिहिलीय पण आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, गरम लागते, कडक लागते. ब्रदरने ते त्या कागदाखाली पेनाने लिहून टाकलं.

नोंदीत काय निघालं? सूज फारशी नाहीच. बहुतेक लाइन निघताहेत त्या चिकटपट्टी सुटून, हलून, आणि रात्री पेशंट कुशीवर वळल्यावर. म्हणजे आम्ही दिवस मोजत बसलो होतो आणि भानगड पट्टीची होती. पारदर्शक ड्रेसिंग मागितलं तर स्टोअरवाले म्हणाले महाग पडतं. तर बेळगावकडची मुलगी एका लाइनला किती इंट्राकॅथ, किती पट्टी, किती सिरिंज जातात याचा हिशोब मांडून बसली आहे. ती गणितात हुशार निघाली, माझ्या लक्षातही नव्हतं. स्टोअरवाले अजून हो म्हणालेले नाहीत.

नियम अजून तसाच आहे. समितीची मीटिंग पुढच्या महिन्यात. तिथे ही मुलगी बोलणार की मी बोलणार, यावर आमच्यात वाद चालू आहे. ती म्हणते मी, मी म्हणते ती.

---

नाइट_ड्युटी_कायमची

ती बोलू दे. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसा. आणि तो नोंदीचा तक्ता इथे टाका, रकाने तरी सांगा. आमच्याकडे जमेल का बघते.

---

इनचार्ज_सिंधुदुर्ग

पेशंटचा बेड नंबर, लाइन घातल्याची तारीख-वेळ, कुणी घातली, गाडीत घातली की वॉर्डात, प्रत्येक ड्युटीचा स्कोअर, काढल्याची तारीख-वेळ, काढण्याचं कारण, पुन्हा किती वेळा टोचावं लागलं. 'कुणी घातली' या रकान्यावर कुरबुर झाली. दोष शोधायला आहे असं वाटलं सगळ्यांना. आम्ही तो काढून टाकला.

---

ट्यूटरबाई_रत्नागिरी

बरं केलंत. त्या जागी 'कुठे घातली' हा रकाना घाला. कोपराच्या घडीत, मनगटाशी, की मधल्या हातावर. सांध्यावरची लाइन हात वाकला की हलते आणि लवकर जाते, मधल्या हातावरची टिकते. तुमच्या पट्टीच्या भानगडीतली थोडी तिथेही सापडेल, आणि ड्रेसिंगच्या हिशोबाआधी ते तपासलेलं बरं, स्टोअरवाले हाच प्रश्न विचारतील.